तिशीतले पिंपल्स: कुठून सुरुवात करायची, काय टाळायचं, किती थांबायचं

तिशी उलटली तरी हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेला दुखऱ्या गाठी येतात, एक बसते न बसते तोच दुसरी डोकं वर काढते, आणि भेटेल तो माणूस एक नवा उपाय सांगून जातो. या फेऱ्यात तुम्ही अडकला असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. पार्लर, मेडिकल स्टोअर, आत्याचा लेप, फॅमिली डॉक्टर आणि सरतेशेवटी त्वचारोगतज्ज्ञ, असा सगळा प्रवास मी केला आहे. आज माझा चेहरा शांत आहे. त्यात महागड्या गोष्टींचा वाटा जवळपास नाहीच. नेमकं निदान, दोन-तीन साधी औषधं आणि ती नेटाने लावत राहणं, एवढंच लागलं. पण हे क्रमाने सांगणारं कोणी भेटलं नाही, म्हणून इथे क्रमाने लिहिते आहे.

डॉक्टरांना दाखवण्याला हा लेख पर्याय नाही. डॉक्टरांकडे जाण्याआधी आणि जाऊन आल्यावर जे कळायला हवं, ते यात आहे. तुम्ही गरोदर असाल, बाळाला अंगावर पाजत असाल किंवा लवकरच दिवस राहण्याचा विचार असेल, तर आधी पायरी ६ वाचा.

## १. चेहऱ्यावर नेमकं काय चाललंय ते समजून घ्या

त्वचेवरच्या केसाच्या मुळाशी तेल तयार करणारी एक छोटी ग्रंथी असते. ते तेल केसाच्या छिद्रातून बाहेर येतं. पिंपल होताना चार गोष्टी घडतात: तेल जास्त बनतं, छिद्राच्या तोंडाशी मृत पेशी चिकटून बूच बसतं, त्वचेवर एरवीही राहणारा क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्निस नावाचा जिवाणू आत वाढतो, आणि या सगळ्यावर शरीराची प्रतिक्रिया म्हणून सूज येते. बूच बसण्यावरच थांबलं तर काळे किंवा पांढरे ठिपके दिसतात. सूज वाढली तर लाल फोड, पू आणि खोलवरच्या गाठी होतात.

तेलग्रंथींना तेल बनवायला लावतात ते अँड्रोजेन हार्मोन्स. ते बायकांच्या शरीरातही असतात. म्हणूनच पंचविशीनंतरच्या पिंपल्सचा त्रास बायकांमध्ये जास्त दिसतो, आणि पाळीच्या आधीच्या आठवड्यात तो हमखास उसळतो. ‘चेहरा नीट धूत नाहीस का?’ हा प्रश्न ज्यांनी कोणी तुम्हाला विचारला असेल, त्यांना हे सांगा. मळ हे पिंपल्सचं कारण नाही.

आणखी एक गोष्ट आत्ताच मनाशी पक्की करा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. छिद्रात बूच बसायला लागल्यापासून फोड वर दिसेपर्यंत कित्येक आठवडे जातात. आज सकाळी आरशात दिसलेला फोड मागच्या महिन्यापासून तयार होत होता. त्यामुळे आज लावलेलं औषध पुढच्या महिन्यात येणाऱ्या फोडांवर काम करतं. कोणत्याही उपचाराचा खरा निकाल आठ ते बारा आठवड्यांनी कळतो. दहा दिवसांत फरक नाही म्हणून क्रीम बदलणं, हा आपल्या सगळ्यांचा वेळ आणि पैसा खाणारा सापळा आहे.

## २. हे खरोखर पिंपल्सच आहेत का, ते पाहा

चेहऱ्यावरचा प्रत्येक फोड म्हणजे पिंपल नव्हे. उन्हाच्या बाजूच्या खिडकीपाशी उभं राहून नीट बघा.

कपाळावर, केसांच्या कडेला, छातीवर आणि पाठीवर एकाच मापाच्या बारीक पुळ्या असतील आणि त्यांना खाज सुटत असेल, तर ते मॅलॅसेझिया या यीस्टमुळे होणारं फॉलिक्युलायटिस, म्हणजे केसांच्या मुळांची सूज, असू शकतं. मुंबई-कोकणासारख्या दमट हवेत, घाम आणणाऱ्या कामात किंवा अँटिबायोटिकचा कोर्स झाल्यावर ते बळावतं. त्याला बुरशीविरोधी औषध लागतं. पिंपल्सच्या अँटिबायोटिकने ते उलट वाढतं. खाज हा शब्द डॉक्टरांसमोर आवर्जून उच्चारा.

गाल आणि नाक सारखं लालबुंद होत असेल, ऊन, गरम चहा किंवा तिखटाने चेहरा तापत असेल आणि काळे-पांढरे ठिपके मुळीच नसतील, तर रोझेशियाची शंका घ्यावी. सावळ्या त्वचेवर लाली पटकन दिसत नाही, म्हणून आपल्याकडे तो निदानातून निसटतो. चेहऱ्याची आग होते आणि चटका बसल्यासारखं वाटतं, ही खूण जास्त भरवशाची.

तोंडाभोवती, नाकपुड्यांच्या कडेला बारीक पुळ्यांचं कडं, आणि ओठांना लागून मात्र एक पट्टी स्वच्छ: हा पेरिओरल डर्मटायटिस. यामागे बऱ्याचदा सूज दाबून टाकणारी स्टेरॉइड क्रीम असते.

काखेत, जांघेत, स्तनांखाली पुन्हा पुन्हा गळवं येऊन फुटत असतील आणि व्रण राहत असतील, तर तो हायड्राडिनायटिस सप्युरेटिव्हा असू शकतो. लोक लाजेखातर वर्षानुवर्षं हे कोणाला दाखवत नाहीत आणि तोवर व्रण वाढत जातात. कृपया लाजू नका, त्वचेच्या डॉक्टरांना लवकर दाखवा.

काही औषधांनीही पिंपल्ससारखे फोड येतात: स्टेरॉइडच्या गोळ्या, फिट्सवरचं फेनिटॉइन, लिथियम, टीबीच्या उपचारातलं आयसोनियाझिड. बी-१२ ची इंजेक्शनं घेणाऱ्या काही जणांनाही हा त्रास होतो. यातलं काहीही चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, पण स्वतःहून बंद करू नका. टीबीचं औषध मध्येच सोडणं जिवावर बेतू शकतं, पिंपल्स नाही. जिमला जाणाऱ्या मुलांनी व्हे प्रोटीन आणि ‘मसल वाढवणारी’ इंजेक्शनं यांची माहिती न लपवता द्यावी.

## ३. घरातल्या सगळ्या ट्यूब टेबलावर मांडा

माझ्या मते संपूर्ण लेखातली सर्वांत महत्त्वाची पायरी हीच, म्हणून इथे जरा थांबते.

माझ्या मामेबहिणीच्या कपाटात एक छोटी ट्यूब होती. मेडिकलवाल्याने ‘ताई, सगळे हीच नेतात, आठ दिवसांत चेहरा क्लिअर’ म्हणून दिलेली. आठ दिवसांत चेहरा खरंच उजळला, फोड बसले. लावायची थांबली की चार दिवसांत दुप्पट फोड, लाली आणि आग. म्हणून परत लावायची. असं करत करत गालांवरची त्वचा इतकी पातळ झाली की बारीक लाल शिरा दिसायला लागल्या आणि हनुवटीवर लव वाढली. ट्यूबच्या मागे बारीक अक्षरांत तीन नावं होती: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. यातलं शेवटचं स्टेरॉइड. ही तिहेरी क्रीम वांगांसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, थोड्या काळासाठी वापरायची असते. गोरं होण्यासाठी किंवा पिंपल्ससाठी ती नाही.

तुमच्याकडच्या प्रत्येक ट्यूबची मागची बाजू मोबाइलने फोटो काढून, मोठी करून वाचा. ही नावं शोधा:

- क्लोबेटासोल
- बीटामेथासोन
- मोमेटासोन
- फ्लुओसिनोलोन
- बेक्लोमेथासोन

ही सगळी स्टेरॉइड्स आहेत. क्लोट्रिमाझोल किंवा किटोकोनाझोल ही बुरशीवरची औषधं स्टेरॉइड नाहीत, पण नायट्यासाठी मिळणाऱ्या अनेक क्रीममध्ये त्यांच्या जोडीला स्टेरॉइड मिसळलेलं असतं. म्हणून पहिलं नाव वाचून थांबू नका. चेहऱ्याच्या अशा नुकसानीचं प्रमाण आपल्या देशात इतकं मोठं आहे की भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी तिला ‘टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस’ असं स्वतंत्र नावच दिलं आहे. २०१८ मध्ये केंद्र सरकारने या क्रीम शेड्यूल एच मध्ये घातल्या, म्हणजे चिठ्ठीशिवाय त्या विकायच्या नाहीत. तरी काउंटरवर त्या सहज मिळतात. वेष्टनावर डाव्या कोपऱ्यात ‘आरएक्स’ खूण किंवा लाल चौकटीतली शेड्यूल एच ची सूचना दिसली, तर दुकानदार काहीही म्हणो, ती सौंदर्यप्रसाधनाची वस्तू नाही.

अशी क्रीम तुम्ही महिनोन्‌महिने लावत असाल, तर थांबवल्यावर चेहरा आधी बिघडेल. लाली, आग, फोड असं सगळं एकदम उसळतं. हा क्रीमची सवय सुटतानाचा त्रास आहे आणि तो ओसरतो. पण तो एकट्याने सोसत बसू नका. त्वचारोगतज्ज्ञांना ट्यूब दाखवा. अचानक बंद करायची की हळूहळू कमी करायची आणि मधल्या काळात आग शमवायला काय लावायचं, हे ते ठरवतील.

शिवाय, ज्या डबीवर घटक छापलेलेच नाहीत ती चेहऱ्याला लावू नका. कोणाच्या तरी ओळखीतून आलेली ‘आयुर्वेदिक’ किंवा परदेशी क्रीम असली तरी नाही. काही बेकायदा गोरेपणाच्या क्रीममध्ये पारा सापडलेला आहे.

## ४. रोजचा दिनक्रम तीन गोष्टींवर आणा

डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत हे करा. अनेकांचा निम्मा त्रास इथेच कमी होतो.

धुणं. दिवसातून दोनदा, साध्या पाण्याने आणि सौम्य फेसवॉशने. कपडे किंवा अंगाचा साबण नको. तेलकट त्वचा असेल तर सॅलिसिलिक अ‍ॅसिड २ टक्क्यांपर्यंत असलेला फेसवॉश चालेल. धुतल्यावर चेहरा ताणल्यासारखा वाटला, तर तो फेसवॉश तुमच्यासाठी कडक आहे.

मॉइश्चरायझर. ‘माझी त्वचा आधीच तेलकट आहे, मला कशाला?’ असं बहुतेकींना वाटतं. पण पुढे जी औषधं मिळतील ती त्वचा कोरडी करतात, आणि कोरडी पडलेली, सोलवटलेली त्वचा औषध सहन करत नाही. मग औषध बंद पडतं. हलकं, सुगंध नसलेलं, ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ लिहिलेलं जेल किंवा लोशन घ्या.

सनस्क्रीन. एसपीएफ ३० किंवा जास्त, रोज सकाळी, दोन बोटांच्या लांबीएवढं. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर फोड बसला तरी मागे काळा डाग राहतो आणि ऊन तो गडद करतं. डागांवर महागडे उपचार घेऊन सनस्क्रीन न लावणं म्हणजे गळक्या बादलीत पाणी भरणं आहे.

बाकी सगळं काही काळ बाजूला ठेवा. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर त्वचा भाजते. टूथपेस्ट, खाण्याचा सोडा, दालचिनी यांनीही चट्टे पडतात. अक्रोडाच्या सालाचे स्क्रब, वाफ, पार्लरमधलं ‘क्लीनअप’ म्हणत फोड दाबून काढणं, ब्लीच, हे सगळं बंद. हळदीचा किंवा मुलतानी मातीचा लेप बहुतेकांना घातक नाही, पण तो घासून काढताना सुजलेल्या त्वचेवर आणखी घर्षण होतं. आजी-आत्या प्रेमाने करून देतात हे मला मान्य आहे. तो लेप हातापायांना लावा.

चेहऱ्याला खोबरेल तेल नको, ते छिद्रं बुजवतं. केसांना रात्री तेल चोपून झोपत असाल आणि कपाळावर बारीक पुळ्या असतील, तर धुण्याआधी तास-दोन तास तेल लावा आणि उशीचा अभ्रा वरचेवर बदला.

दुचाकीवरचा स्कार्फ हे आपल्याकडचं खास कारण. पुण्यात, नाशकात, नागपुरात आपण तोंडाला घट्ट स्कार्फ गुंडाळून त्यावर हेल्मेट चढवतो. घामेजलेलं कापड आणि हनुवटीखालचा पट्टा तासभर तिथेच घासत राहतो. घासण्याने आणि दाबाने पिंपल्स वाढतात. सुती स्कार्फ वापरा, रोज धुतलेला घ्या, हेल्मेटचं आतलं अस्तर निघत असेल तर तेही धुवा.

## ५. योग्य डॉक्टर शोधा आणि तयारीनिशी जा

दुखऱ्या खोल गाठी, खड्डे पडायला लागलेली त्वचा, स्टेरॉइड क्रीमचा इतिहास, अनियमित पाळी, किंवा चेहऱ्यामुळे बाहेर जाणंच टाळता येईल का असं वाटणं, यांपैकी एक जरी असेल तरी वाट बघू नका. शेवटचं कारण छोटं नाही. तेही डॉक्टरांना सांगा.

डिग्री बघा. एमबीबीएसनंतर एमडी (त्वचारोग), डीएनबी, डीव्हीडी किंवा डीडीव्हीएल अशी पदवी किंवा पदविका असलेली व्यक्ती म्हणजे त्वचारोगतज्ज्ञ. पाटीवर नुसतं ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’, ‘स्किन एक्स्पर्ट’ किंवा ‘एस्थेटिशियन’ असेल तर शंका विचारा. तो तुमचा हक्क आहे. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर असायला हवा.

पैशांची अडचण असेल तर सरकारी किंवा पालिकेच्या मोठ्या रुग्णालयातली त्वचारोग ओपीडी गाठा. मुंबईत केईएम, सायन, नायर, जेजे, पुण्यात ससून, आणि जिल्ह्याच्या ठिकाणचं सरकारी मेडिकल कॉलेज. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढावा लागतो आणि रांग मोठी असते, पण तपासणारे त्वचारोगाचेच डॉक्टर असतात. औषधं जनऔषधी केंद्रात मिळतात का तेही विचारा. त्याच घटकाची ट्यूब तिथे बरीच स्वस्त पडू शकते.

सोबत न्यायच्या गोष्टी:

- आतापर्यंत वापरलेल्या सगळ्या ट्यूब, फेसवॉश, गोळ्यांची पाकिटं, किंवा त्यांचे पुढून-मागून फोटो
- जुन्या चिठ्ठ्या आणि रक्ताचे रिपोर्ट
- मागच्या तीन-चार पाळ्यांच्या तारखा
- चालू असलेली इतर औषधं, जीवनसत्त्वं, प्रोटीन पावडर
- त्रास जास्त असतानाचे चेहऱ्याचे फोटो, कारण नेमकं त्या दिवशी चेहरा शांत असतो
- आई-वडील किंवा भावंडांना असे पिंपल्स, खड्डे होते का, याची माहिती

मेकअप न करता जा. आणि पहिल्याच भेटीत पील, लेझर, पीआरपी असं हजारो रुपयांचं पॅकेज समोर ठेवलं गेलं, तर ‘आधी औषधांनी किती फरक पडेल?’ हा प्रश्न विचारा. सक्रिय पिंपल्समध्ये मुख्य काम औषधंच करतात. बाकीचं जोडीला.

## ६. मिळालेलं औषध काय आहे आणि कसं वापरायचं

### लावायची औषधं

अ‍ॅडापॅलिन (बहुधा ०.१ टक्के) हे रेटिनॉइड, म्हणजे व्हिटॅमिन ए च्या कुळातलं औषध, छिद्रात बूच बसू देत नाही. रात्री लावायचं. पूर्ण चेहऱ्याला मिळून मटारच्या दाण्याएवढं पुरतं. कपाळ, दोन्ही गाल, नाक, हनुवटी असे ठिपके देऊन पसरवा. डोळ्यांच्या कडा, नाकपुड्यांचे कोपरे आणि ओठ सोडून द्या. हे फक्त फोडावर टिकलीसारखं लावायचं औषध नाही. जिथे फोड येतात त्या सगळ्या भागावर लावायचं, कारण पुढचे फोड तिथेच तयार होत असतात.

सुरुवात आठवड्यातून दोन-तीन रात्रींनी करा. चेहरा धुऊन पूर्ण कोरडा होऊ द्या, आधी मॉइश्चरायझर, मग हे औषध, हवं तर वरून पुन्हा मॉइश्चरायझर. त्वचा सरावली की एक दिवसाआड, मग रोज. पहिल्या काही आठवड्यांत साली निघतात, थोडी आग होते, काहींना फोड वाढल्यासारखे वाटतात. बहुसंख्य लोक इथेच औषध सोडतात. चेहरा खूपच भाजल्यासारखा झाला तर दोन-तीन दिवस थांबा आणि अंतर वाढवून परत सुरू करा.

बेन्झॉइल पेरॉक्साइड जिवाणू मारतं. २.५ टक्क्यांचंही चांगलं काम करतं, जास्त टक्के म्हणजे मुख्यतः जास्त कोरडेपणा. याने टॉवेल, अभ्रे, कुर्त्याची गळपट्टी यांचा रंग उडतो. पांढरा टॉवेल वेगळा ठेवा.

क्लिंडामायसिन हे अँटिबायोटिक जेल एकट्याने महिनोन्‌महिने लावू नये, जिवाणू त्याला दाद देईनासे होतात. सोबत बेन्झॉइल पेरॉक्साइड असावं. चिठ्ठीत नुसतंच क्लिंडामायसिन असेल तर विचारायला संकोच करू नका.

अझेलिक अ‍ॅसिड हे मला सर्वांत आवडतं औषध. फोड आणि काळे डाग दोन्हींवर हळूहळू काम करतं आणि गरोदरपणातही ते सुरक्षित मानलं जातं. पहिले काही दिवस चुणचुणतं आणि खाजतं, ते अपेक्षित आहे.

### पोटातून घ्यायची औषधं

डॉक्सिसायक्लिन सूज असलेल्या फोडांसाठी, साधारण तीन महिन्यांपर्यंत. मोठा पेलाभर पाण्यासोबत, बसून किंवा उभं राहून घ्या आणि लगेच आडवं होऊ नका, नाहीतर गोळी अन्ननलिकेत अडकून जखम करते. दूध, लोह, कॅल्शियम किंवा अँटासिड यांच्यासोबत घेऊ नका. या काळात ऊन जास्त बाधतं.

आयसोट्रेटिनॉइन खोल गाठी, खड्डे पाडणारे किंवा इतर उपायांना न जुमानणारे पिंपल्स असतील तर दिलं जातं आणि अनेकांना कायमचा आराम देतं. मात्र ते अतिशय जपून वापरायचं औषध आहे. गरोदरपणात घेतलं तर बाळात गंभीर व्यंगं येतात. औषधाच्या एक महिना आधीपासून, संपूर्ण कोर्सभर आणि संपल्यावर एक महिना दिवस राहता कामा नयेत. अमेरिकेत यासाठी आयप्लेज ही नोंदणी सक्तीची आहे. आपल्याकडे तशी यंत्रणा नाही, म्हणून ही खबरदारी डॉक्टरांइतकीच आपणही घ्यायची. लग्न झालेलं असो वा नसो, डॉक्टरांशी गर्भनिरोधाबद्दल मोकळेपणाने बोला. कोर्सच्या काळात आणि नंतर महिनाभर रक्तदानही करायचं नाही, ते रक्त एखाद्या गरोदर बाईला जाऊ शकतं.

या औषधाने ओठ फुटणं जवळपास सगळ्यांनाच होतं. लिप बाम खिशात ठेवा. डोळे, नाक कोरडं पडतं. लिव्हर आणि चरबीच्या रक्ततपासण्या सांगितलेल्या वेळी करा. जेवणानंतर घ्या. सोबत व्हिटॅमिन ए च्या गोळ्या किंवा डॉक्सिसायक्लिन नको. अपर लिपला किंवा चेहऱ्याला वॅक्स करू नका, त्वचा सोलून निघते. पार्लरमधल्या ताईला आधीच सांगून ठेवा. मन सतत उदास राहायला लागलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना कळवा. आणि मैत्रिणीच्या चिठ्ठीवर हे औषध कधीही आणू नका. मात्रा वजनावर ठरते.

स्पायरोनोलॅक्टोन हे मुळात लघवी वाढवणारं, बीपीचं औषध. अँड्रोजेनचा परिणाम अडवत असल्याने जबड्यावरच्या हार्मोनल पिंपल्ससाठी बायकांना दिलं जातं. किडनीचा त्रास असेल किंवा बीपीच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, पोटॅशियम वाढू शकतं. गर्भनिरोधक गोळ्यांनीही काहींना फरक पडतो, पण अर्धशिशी, बीपी, रक्ताच्या गुठळ्यांचा इतिहास किंवा धूम्रपान असेल तर त्या चालतीलच असं नाही.

गरोदर असाल किंवा प्रयत्न चालू असतील तर अ‍ॅडापॅलिन, डॉक्सिसायक्लिन, आयसोट्रेटिनॉइन आणि स्पायरोनोलॅक्टोन ही चारही नावं बाद. पाळी चुकली तर औषध थांबवून आधी चाचणी करा. बाळाला पाजत असाल तर यातलं कोणतंही औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

## ७. पाळी अनियमित असेल तर तिकडेही बघा

पाळी पस्तीस दिवसांहून जास्त लांबते, हनुवटीवर किंवा पोटावर जाड केस येतात, डोक्यावरचे भांगापाशी विरळ होतात, वजन वाढतं, यांतलं काही पिंपल्सच्या जोडीला असेल तर पीसीओएसची (अंडाशय आणि हार्मोन्सशी संबंधित त्रासाची) तपासणी करून घ्या. त्यासाठी टेस्टोस्टेरॉन, एलएच, एफएसएच, प्रोलॅक्टिन, थायरॉइड, साखर आणि गरजेनुसार सोनोग्राफी सांगतात. हार्मोन्सच्या काही तपासण्या पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवशी कराव्या लागतात. गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना त्यांचे आकडे विश्वासार्ह येत नाहीत. लॅबमध्ये जाण्याआधी हे दोन्ही विचारा, म्हणजे पैसे वाया जाणार नाहीत.

पाळी अगदी वेळेवर असेल तर मात्र प्रत्येकीने हा सगळा संच करायची गरज नाही. बऱ्याच जणींचे रिपोर्ट नॉर्मलच येतात आणि तरी पिंपल्स हार्मोन्सना जास्त संवेदनशील असलेल्या तेलग्रंथींमुळेच असतात. नॉर्मल रिपोर्ट म्हणजे त्रास मनाचा, असा अर्थ कोणी काढला तर ऐकून घेऊ नका.

## ८. खाण्याबद्दल, थोडक्यात

आंबा, शेंगदाणे, ‘उष्ण’ पदार्थ यांच्यावर आपल्याकडे सगळं खापर फुटतं. अभ्यासांत जास्त ठोसपणे पुढे आलेल्या गोष्टी वेगळ्या आहेत: साखर आणि मैदा यांसारखं रक्तातली साखर झटकन वाढवणारं खाणं, काही जणांत दूध, आणि व्हे प्रोटीन. दिवसातून चार वेळा साखरेचा चहा-बिस्किटं असतील तर ती कमी करून पाहा. भाकरी, डाळ, उसळ, भाज्या निर्धास्त खा. ‘पोट साफ नाही म्हणून पिंपल्स’ या समजापायी रोज जुलाबाची चूर्णं घेऊ नका. आणि खाणं सुधारलं म्हणून औषध सोडू नका. आहाराचा वाटा आहे, पण तो लहान आहे.

## ९. प्रगती मोजा

महिन्यातून एकदा, त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी, मेकअपशिवाय तीन फोटो काढा: समोरून, डावीकडून, उजवीकडून. रोज आरशात मोजू नका. फोड कमी येतायत का, लवकर बसतायत का, गाठींची खोली कमी झाली का, हे बघा. डाग यात धरू नका, ते फोडांपेक्षा बरेच हळू जातात. बारा आठवडे नीट लावूनही काहीच फरक नसेल तर डॉक्टरांकडे परत जा आणि पुढची पायरी विचारा.

घरात लग्न किंवा कार्यक्रम तोंडावर आहे आणि एकच मोठी गाठ आली आहे, अशा वेळी डॉक्टर त्या गाठीत अगदी कमी मात्रेचं स्टेरॉइडचं इंजेक्शन देऊन ती लवकर बसवू शकतात. तज्ज्ञाच्या हातून केलेला हा उपाय पायरी ३ मधल्या क्रीमपेक्षा पूर्ण वेगळा आहे. दाबून फोडण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

## १०. डाग, खड्डे आणि नंतरची देखभाल

सपाट काळा डाग आणि खड्डा यांत फरक करा. सपाट डाग सनस्क्रीन, अझेलिक अ‍ॅसिड, रेटिनॉइड आणि वेळ यांनी फिके होतात, त्याला काही महिने लागतात. खड्डा क्रीमने भरत नाही. अरुंद खोल, पेटीसारखे आणि पसरट लाटांसारखे असे खड्ड्यांचे प्रकार असतात. प्रकारानुसार टीसीए क्रॉस, सबसिजन, मायक्रोनीडलिंग किंवा फ्रॅक्शनल लेझर असे उपचार निवडतात, बऱ्याचदा एकाहून अधिक मिळून. नवे फोड येणं थांबल्याशिवाय खड्ड्यांवर पैसे घालू नका. सावळ्या त्वचेवर लेझरने उलट काळे डाग पडू शकतात, म्हणून आपल्यासारख्या त्वचेवर काम केल्याचा अनुभव आहे का आणि आधी-नंतरचे फोटो बघायला मिळतील का, हे आधी विचारा.

चेहरा शांत झाला की औषधं एकदम टाकून द्यायचा मोह होतो. सूज असलेल्या फोडांचं अँटिबायोटिक थांबतं, पण अ‍ॅडापॅलिन किंवा अझेलिक अ‍ॅसिड डॉक्टर बहुधा पुढेही चालू ठेवायला सांगतात. मी आठवड्यातल्या काही रात्री अ‍ॅडापॅलिन लावते, सकाळी सनस्क्रीन. पाळीच्या आधी एखादा फोड येतो, तो बसतो. सलग दोन महिने खोल गाठी परत यायला लागल्या, तर जुनी चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये जाऊ नका, ओपीडीचा केसपेपर काढा.